अकरा वाजून दहा मिनिटांचा चिखल

पार्श्वभूमी

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ती बहुतांशी हौशी माणसांच्या जिवावर चालते. मुंबईच्या बाजूला शिवडी, ऐरोली, उरण या ठिकाणी मोजणारे बरेच असतात. ठाणे खाडीचं २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली तिला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, त्यामुळे तिकडे लक्षही आहे. खाली धरमतरच्या खाडीला आणि तिच्या फाट्यांना लागून पेण आणि अलिबाग तालुक्यांत मैलोन् मैल चिखल पसरलेला आहे. हिवाळी पाहुण्यांना तोही तितकाच आवडतो, पण तिथे मोजायला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ही हकिगत त्यातल्याच एका फाट्याची, तीन हिवाळ्यांची. जागेचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. कारण पुढे कळेल.

आम्ही चौघं होतो. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर, बँकेत नोकरी करणारी एक मैत्रीण, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आणि मी. नकाशाचं काम माझ्याकडे होतं. डांबरी रस्त्यापासून खाडीपर्यंत खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या, बांधावरून तासभर चालावं लागतं. प्रत्येक बांध चालून बघायचा तर एक हिवाळा त्यातच गेला असता. म्हणून घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून जागा हेरायची आणि मग एकदाच जायचं, असं ठरलं.

पहिली निवड

गूगल अर्थवर त्या फाट्याचा साधारण अडीच किलोमीटरचा काठ मी चार रात्री बसून पाहिला. मला तीन गोष्टी हव्या होत्या. रुंद उघडा चिखल, तिथपर्यंत पोचणारा बांध, आणि बांध व चिखल यांच्यामध्ये असलेल्या तिवरांच्या पट्ट्यात एखादी फट. तिवरं दाट वाढली की बांधावरून पुढचं काही दिसत नाही. म्हणून फट महत्त्वाची.

अशी एक फट सापडली. बांधापासून निघून तिवरांमधून थेट उघड्या चिखलापर्यंत जाणारी एक फिकट, जवळजवळ पांढुरकी जीभ. आजूबाजूचा चिखल गडद तपकिरी, त्यात ओहोळांच्या बारीक फांद्या. ही जीभ मात्र गुळगुळीत आणि कोरडी दिसत होती. शिंपल्यांचा किंवा रेतीचा उंचवटा असावा, असा मी अर्थ लावला. शिंपल्यांचे असे बांध खाड्यांमध्ये असतात आणि त्यांच्यावरून चालता येतं, तेव्हा तर्क अगदीच निराधार नव्हता. पण तो ताडून पाहायला मी काहीच केलं नाही. जुन्या चित्रांची पट्टी मागे सरकवून पाहायला दोन मिनिटं लागली असती. चित्राखाली तारीख होती, मे महिन्यातली. ती मी वाचली आणि सोडून दिली.

डिसेंबरातली सकाळ

मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला आम्ही गेलो. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणातलं सगळ्यांत मोठं पाणी आणि तितकीच खोल ओहोटी. खूप चिखल उघडा पडेल म्हणून तो दिवस मुद्दाम निवडला होता. पक्षी बघणाऱ्यांना पहाटेची सवय. सातला बांधावर होतो. चिखल खरोखर अफाट उघडा पडला होता आणि पक्षी त्याच्या पार पलीकडच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे. चिखल्या कोणता, तुतारी कोणती, काहीही सांगता येईना.

इथे आमचा पहिला निर्णय चुकला. पक्षी जवळ येईपर्यंत थांबायचं की आपण पुढे जायचं? पांढुरकी जीभ समोरच होती. आम्ही पुढे गेलो.

पहिली पन्नास पावलं घोट्यापर्यंतचा चिखल. मग एक ओहोळ, त्यात वीतभर पाणी. तो ओलांडून तिवरांच्या रेषेच्या पुढे सत्तर-ऐंशी पावलं गेलो असू, तेव्हा पुढे चालणारा मुलगा एका पावलात गुडघ्यापर्यंत आणि पुढच्या पावलात मांडीपर्यंत गेला. त्यानं पाय उपसायला जोर लावला तशी दुसरी मांडीही आत गेली. सर त्याच्याकडे जायला निघाले आणि तेही गुडघ्यापर्यंत रुतले. आठ वाजून गेले होते. पाणी फिरलं होतं.

तिवरांच्या कडेला दोन बायका निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरत होत्या. त्यातल्या वयस्कर मावशी ओरडल्या, "बाला, उबा नको ऱ्हाव, आरवा पर!" उभा राहू नको, आडवा पड. त्याला ते उलटंच वाटलं असणार, पण त्यानं ऐकलं. पाठीवरची सॅक समोर टाकून तो तिच्यावर छातीनं आडवा झाला. मावशी तिवरांच्या श्वासमुळांच्या कडेकडेनं, आम्ही चाललो होतो त्याहून अगदी वेगळ्या वाटेनं आल्या आणि आपलं गोणपाट त्याच्याकडे फेकलं. भार पसरला की माणूस खाली जायचं थांबतो. पाय सरळ वर उपसायचा नाही, तो आतल्या आत हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं, मग चिखलाची पकड सुटते. हे सगळं त्या सांगत होत्या आणि आम्ही करत होतो. चाळीस मिनिटं लागली. परत येताना सकाळी वीतभर असलेला ओहोळ गुडघ्यापर्यंत भरला होता, आणि उघड्या चिखलावर मात्र अजून पाण्याचा टिपूसही नव्हता.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. भरती समोरून येते, अशी आपली कल्पना असते. खाडीत ती ओहोळांमधून आधी तुमच्या पाठीमागे येते. ओहोटी आणि भरती यांच्यातल्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. चार मीटरच्या फरकाला ते दोन मीटर झालं. अर्धा तास आणखी गेला असता तर मी हे असं लिहीत बसलो नसतो.

नेमकं चुकलं कुठे

त्या रात्री मी त्या मे महिन्यातल्या तारखेची तिथी पंचांगात पाहिली. वैशाख वद्य नवमी. म्हणजे भांगाचे, पाणी कमी चढण्या-उतरण्याचे, दिवस.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणकी लावायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. मुंबईच्या किनाऱ्याला तो आजही चांगला जुळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते, भांगात ती सकाळ-संध्याकाळ सहा-सातला आणि मंद असते. मुंबई बंदरावर उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटरच्या आसपास चढते, भांगाची ३.३ च्या आसपास. म्हणजे काठाजवळचा जो चिखल या दोन उंचींच्या मध्ये आहे, त्याला भांगाच्या काही दिवसांत पाणी शिवतच नाही. मे महिन्याच्या उन्हात त्याच्यावर पापुद्रा धरतो, मीठ वर येतं आणि वरून तो पांढुरका दिसतो. माझी जीभ ती हीच. तिच्यात शिंपल्यांचा कणही नव्हता. गाळानं भरत आलेला एक जुना ओहोळ होता तो, आणि ताज्या गाळाहून मऊ चिखल कुठला नसतो. गडद, फांद्याफांद्यांचा जो चिखल मला वाईट वाटला होता, त्यातूनच मावशी चालत आल्या होत्या. तिवरांच्या मुळांनी तो बांधलेला होता.

हे एका चित्राचं झालं. दुसरी गोष्ट सरांनी दाखवली आणि त्यानंतर मी उपग्रहाच्या चित्राकडे पूर्वीसारखं पाहूच शकलो नाही.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि त्यांच्यावर तारखेसोबत अचूक वेळही असते. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यामुळे पायवाट दिसत नाही, पण दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी नवं चित्र देतात. मी उतरवून घेतलेल्या प्रत्येक चित्राची वेळ आपल्या घड्याळानुसार सकाळी अकरा-दहाच्या आसपास होती. सर म्हणाले, ती तशीच असणार. या उपग्रहांची कक्षा अशी बांधलेली असते की ते प्रत्येक ठिकाणावरून तिथल्या सूर्याच्या वेळेनं साधारण साडेदहाला जातात. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपण ७३ अंशांवर. साडेनऊ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे अडतीस मिनिटांचा फरक. साडेदहा आणि अडतीस मिनिटं, अकरा-आठ. गूगल अर्थवरची बारकाव्याची चित्रं घेणारे उपग्रहही बहुतेक सकाळी याच सुमाराला जाणारे असतात.

आता हे भरतीच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे उधाणाची ओहोटी, म्हणजे सगळ्यांत जास्त चिखल उघडा पडण्याची वेळ, सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला असते. सकाळी अकराला उधाणाचं पाणी चढत चढत भरतीच्या जवळ आलेलं असतं. अकराला पाणी सगळ्यांत खाली असतं ते भांगात, आणि भांगाची ओहोटी सरासरी १.८ मीटरच्या आसपास थांबते. उधाणाची पाऊण मीटरपर्यंत जाते. या दोन रेषांमधला एक मीटर उंचीचा चिखल सकाळी अकराच्या उपग्रहाला साधारणपणे दिसतच नाही. सपाट खाडीत एक मीटर उंची म्हणजे शेकडो मीटर रुंदी. पाणपक्षी डिसेंबरातल्या सकाळी जिथे चरत होते तो पट्टा माझ्या एकाही चित्रात नव्हता. आणि हे ढगांमुळे किंवा नशिबानं होत नाही. सूर्य, चंद्र आणि कक्षा यांचा मेळच तसा आहे. दुसऱ्या किनाऱ्यावर, जिथे उधाणाची वेळ वेगळी, तिथे लपणारा भागही वेगळा असेल.

समोर असलेले पर्याय

गणनेला चार आठवडे होते. बँकेतल्या मैत्रिणीचं म्हणणं, या वर्षी ही जागा सोडून द्यावी आणि शिवडीला मदतीला जावं. त्यात तथ्य होतं. घरी मुलाच्या आईला काय सांगायचं, हा प्रश्न तिनंच पहिल्यांदा उच्चारला होता.

होडीचा विचार झाला. पण ओहोटीत होडी मुख्य धारेतच राहते, आणि इंजिनाच्या आवाजानं थवा उठला की एकच थवा दोनदा मोजला जातो. ड्रोन उडवावा, असं मुलगा म्हणाला. वरून काहीतरी उडताना दिसलं की चिखलावरचे पक्षी ससाणा आल्यासारखे उठतात. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला केवळ मोजण्यासाठी पळवायचं, हे कुणालाच पटलं नाही. फळ्या आणि दोर घेऊन त्याच वाटेनं पुन्हा जायचं, हाही एक पर्याय होता. त्यावर आम्ही पाच मिनिटंही घालवली नाहीत.

शेवटी सरांनी प्रश्नच उलटा केला. पक्षी ओहोटीला कुठे चरतात ते आपल्याला चित्रात दिसत नाही, आणि दिसलं तरी तिथे जाता येत नाही. पण भरतीला ते कुठे बसतात? पाणी चिखल झाकून टाकतं तेव्हा त्यांना कोरडी किंवा उथळ जागा लागतेच. उधाणात ती वेळ दुपारची, आणि अकराचा उपग्रह उधाणात बऱ्यापैकी चढलेलं पाणीच दाखवतो. जी गोष्ट चिखल शोधताना आड येत होती, तीच विसावा शोधताना कामाची होती.

काय केलं

आधीच्या दोन हिवाळ्यांतली बिनढगाची चौदा चित्रं निवडली. प्रत्येकाच्या वेळेला मुंबई बंदरावर पाणी किती होतं ते भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढलं. मुंबईचं पाणी आमच्या फाट्यात किती उशिरा पोचतं ते मात्र कुठल्या तक्त्यात नव्हतं. त्यासाठी उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेजवळ, वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा केलेला बांबू उभा केला आणि मैत्रीण व मी दोन रविवार तिथे बसून राहिलो. साधारण पाऊण तासाचा फरक निघाला.

मग चित्रं पाण्याच्या उंचीनं लावली. तारखेचा क्रम सोडून दिला. सबंध कामात मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. तारखेनं लावली तर चिखल कधी आहे, कधी नाही, असा गोंधळ दिसतो. उंचीनं लावली की पाणी एकेक पायरी चढताना दिसतं. ओला चिखल आणि उथळ गढूळ पाणी साध्या रंगात सारखेच दिसतात, म्हणून जवळच्या अवरक्त किरणांचा पट्टा वापरला. त्यात पाणी काळं होतं, तिवरं लख्ख उजळतात आणि पाण्याची कड बरीच स्पष्ट होते.

चढत्या पाण्यात सगळ्यांत शेवटपर्यंत उघड्या राहणाऱ्या, झाडं नसलेल्या जागा खुणावल्या. पाणपक्ष्यांना विसाव्याला मोकळं लागतं. जवळ उंच झाडी असेल तर शिकारी पक्षी दिसायच्या आत येऊन धडकतो. अशा सहा जागा निघाल्या. कोलंबीचं तळं खोल म्हणून गेलं, एक मैदान वस्तीला लागून म्हणून गेलं. दोन मिठागरांत काम चालू होतं, माणसांची सतत ये-जा. राहिली दोन खारशेतं. त्यातल्या एकाची जुनी चित्रं आम्ही मागे मागे सरकवत गेलो. आधी भातखाचरांची चौकट, स्वच्छ. मग एका पावसाळ्यानंतर बाहेरच्या बांधात एक काळी चीर. पुढच्या चित्रात चिरेची खांड झालेली आणि शेतात ओहोळाची पहिली फांदी. मग खाचरांचे बांध पुसट होत गेलेले, कडेला तिवरांचे हिरवे ठिपके. आत सात-आठ एकर उघडा उथळ चिखल. भरतीला त्यात पाणी येत होतं ते खांडीतून, हळू आणि थोडं.

या वेळी जाण्याआधी मी मावशींना भेटलो. चित्र दाखवलं. फोनवरचा नकाशा त्यांना परका होता, पण मी उघाडी दाखवली, खांड दाखवली, आणि मग त्यांचं बोट आपोआप चालायला लागलं. इथे कंबरभर, इथे चालायचं, इथे फक्त भांगात, उधाणात नाही. मी खुणा करत गेलो. त्या खारशेताबद्दल त्या म्हणाल्या की पाणी भरलं की पाखरं तिथेच येऊन बसतात, सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला चौदा चित्रं आणि तीन आठवडे लागले होते.

चिखलात उतरायचंच नाही, असा नियम केला. बांधावरूनच मोजायचं, भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसायचं आणि पाणी उतरायला लागेपर्यंत हलायचं नाही.

गणनेचा दिवस

जानेवारीत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, आम्ही सव्वाअकराला बांधावर, खांडीपासून दोनशे पावलं लांब, बसलो. पाऊण तास काही आलं नाही. मैत्रीण घड्याळ पाहत होती. मग खाडीच्या बाजूनं पहिली तुकडी आली, टिलव्यांची, पाण्यावरून अगदी खालून. त्यांच्यामागे चिखल्या, मग गॉडविट, लांब चोची छातीशी घेऊन उतरणारे. अर्ध्या तासात शेताचा मधला भाग पक्ष्यांनी करडा झाला. सकाळी सातला जे ठिपके होते त्यांचे पाय, चोची, भुवया दिसत होत्या. मुलगा मोजत होता आणि मी लिहीत होतो. हजाराच्या पुढे गेलो तेव्हा त्याचा आवाज कापायला लागला. ज्याच्या पायांना डिसेंबरातल्या चिखलाची पकड अजून आठवत होती, त्याच मुलाचा.

पूर्ण यश म्हणणार नाही. दुसऱ्या खारशेतावर त्याच वेळी कुणी नव्हतं, तेव्हा तिथे किती होते ते कळलं नाही. दुपारच्या उन्हात चिखलावरून वाफा उठतात आणि छोट्या पक्ष्यांच्या जाती वेगळ्या करणं अवघड जातं. आमच्या तक्त्यात "लहान पाणपक्षी, ओळख नाही" हा रकाना मोठा राहिला.

शेत कुणाचं

मोजणी संपवून उठत होतो तेव्हा शेतमालक आले. साठीच्या पुढचे. काय करताय, असं शांतपणे विचारलं. आम्ही सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या कागदावर माझं शेत पाणथळ म्हणून लागलं, तर उद्या मला खांड बांधू देतील का?"

चौघांपैकी कुणालाही उत्तर देता आलं नाही. खांड गेली त्या वर्षापासून त्या शेतात भाताचा दाणा पिकला नव्हता. चित्रांच्या पट्टीवर जे बदल आम्ही कुतूहलानं पाहत होतो, त्या प्रत्येक चित्रात त्यांचं एक वर्ष गेलं होतं. आणि दोन वेळा आम्ही त्यांच्याच बांधावर त्यांना न विचारता बसलो होतो.

घरी वाद झाला. मुलाचं म्हणणं, पक्षी आहेत तर जागा जशी आहे तशी नोंदवली पाहिजे, त्याशिवाय तिचं रक्षण कसं होणार? मैत्रिणीचं म्हणणं, ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे त्याला न विचारता आपण तिला नाव द्यायचं नाही. मी मनानं मुलाच्या बाजूला होतो. सरांनी लिहून काढलेली नोंद शेवटी सगळ्यांनी मान्य केली: "बांधाला खांड गेल्यामुळे तात्पुरतं खाऱ्या पाण्याखाली असलेलं खाजगी खारशेत, भरतीच्या वेळचा विसावा." जागेचे अक्षांश-रेखांश गणनेकडे दिले ते मोठ्या चौकोनाचे, नेमके नाहीत. फोटो काढणाऱ्यांच्या कुठल्याही गटात जागा टाकली नाही. भरतीच्या विसाव्यावर एकदा उठवलेला थवा दुसरीकडे जागा शोधत उडत राहतो, आणि ज्या वेळी चरता येत नाही त्याच वेळी त्याची ताकद खर्च होते. ही नोंद आम्ही शेतमालकांना वाचून दाखवली. त्यांनी "तात्पुरतं" हा शब्द दोनदा वाचायला सांगितला.

आज वेगळं काय केलं असतं

मावशींना आधी भेटलो असतो. पहिल्या चित्राच्या आधी. चिखलाची खोली कुठल्याही उपग्रहाच्या चित्रात नसते. ती चालणाऱ्याच्या पायात असते.

चित्राखालची तारीख दिसली की लगेच तिथी काढली असती. आता मला ते प्रतिक्षिप्त झालं आहे. गूगल अर्थवर शेजारशेजारच्या दोन तुकड्यांच्या तारखा कधी कधी वेगळ्या असतात, पाण्यातच सरळ रेघ मारल्यासारखा जोड दिसतो. त्या रेघेच्या एका बाजूला उधाण असतं, दुसऱ्या बाजूला भांग. त्यांना एकच किनारा समजायचं नाही.

डिसेंबरात बांधावरच थांबायला हवं होतं. पाणी आपणहून पक्ष्यांना आमच्याकडे घेऊन येणार होतं. शिवडीला जाताना आम्ही दर वेळी भरतीची वेळ पाहूनच निघतो. अनोळखी जागी तेच विसरलो, आणि उताराच्या शेवटी, पाणी फिरायच्या क्षणी चिखलात होतो. उतरणं भागच असेल तर ओहोटीच्या तासभर आधी परत फिरायला हवं, चौघांत एक दोर हवा आणि एक माणूस बांधावर हवा.

आणि कुणाचं शेत, हा प्रश्न सहा जागा निवडतानाच विचारायला हवा होता. खांड कधी गेली ते चित्रांनी सांगितलं. मालक कोण ते विचारायला गावात एक फेरी पुरली असती.

पुढे

दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही शेतांवर एकाच वेळी माणसं बसवली. तक्ता बराच पक्का झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावानं खांड बांधून घेतली. मे महिन्यातल्या चित्रात बांध पुन्हा अखंड दिसला, ताज्या मातीची पिवळी रेघ. तिसऱ्या डिसेंबरात मी पुन्हा चित्रं उंचीनं लावत बसलो, आणि अजून एकही जागा पक्की होत नव्हती, तेव्हा शेतमालकांचा फोन आला. यंदा खारं भात थोडं लागलंय, म्हणाले. मग म्हणाले की पाखरं आता इथे उतरत नाहीत, भरती भरायला लागली की माझ्या बांधावरून पलीकडच्या काठाला जाताना दिसतात, जुन्या मिठागराच्या अंगाला.

चित्रांत ते मिठागर आम्ही पहिल्याच वर्षी काम चालू आहे म्हणून सोडलं होतं. नव्या चित्रांत त्याच्या वाफ्यांत रेघा उरल्या नव्हत्या. मी तिथला मालक कोण ते आधी विचारलं आणि मग निघालो.